चहाची किटली स्वच्छ कशी करावी: काजळी, चुन्याचा थर आणि चहाचे डाग

बोअरचं पाणी, पऱ्हाटीची म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांची चूल आणि दिवसभर उकळणारा चहा एकत्र आले की किटली ओळखू येईनाशी होते. बाहेरून काळी, आतून पांढरट, आणि पांढऱ्यावर चहाचा तपकिरी लेप. नवीन टपरी टाकणारे, बचत गटातून बैठकांना आणि लग्नकार्याला चहा पुरवणाऱ्या बाया, नोकरीसाठी गावात येऊन पहिल्यांदा चूल मांडणारे, सगळ्यांचा हात आधी तारेच्या घासणीकडे जातो. जोर लावून काजळी निघते. चुना मात्र निघत नाही, उलट किटलीला ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी चुना त्याच ओरखड्यांत आणखी घट्ट बसतो.

किटली साफ करणं हे मनगटाच्या जोराचं काम नाही. पांढऱ्या थराला आंबट लागतं, चहाच्या डागाला सोडा लागतो, काजळीला घासणं लागतं. त्यातही स्टीलला चालणारा सोडा जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, किटलीची वाट लावतो. एवढं ध्यानात ठेवून खालच्या क्रमाने गेलात तर अर्ध्याहून जास्त घासणं वाचेल.

१. किटली कशाची आहे ते आधी पाहा

गावातल्या टपऱ्यांवर सगळ्यात जास्त दिसते ती जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची किटली. हातात हलकी, रंग राखाडी-पांढरा, टिचकी मारली तर आवाज बोदा येतो. स्टीलची किटली त्याच आकारात जड लागते आणि टिचकीला खणकन वाजते. चुंबक लावून ठरवू नका. जर्मनला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण चांगल्या प्रतीच्या बऱ्याचशा स्टीललाही चिकटत नाही.

जुन्या घरांत पितळेची किटली निघते. ती आतून चांदीसारखी पांढरी दिसली तर तिला कल्हई आहे. आतून पिवळी किंवा तांबूस दिसली तर कल्हई उडाली आहे, आणि अशा किटलीत चहा करायचाच नाही. आधी कल्हई करून घ्या, मग बाकीचं.

२. डाग कोणता आहे ते ओळखा

किटली आतून कोरडी करून उजेडात धरा आणि पांढऱ्या जागेवर ओलं बोट फिरवा. पांढरेपणा पाण्यानेच विरघळून गेला तर ते मीठ आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात असा थर नेहमी दिसतो, कारण तिथल्या भूजलात क्षार भरपूर असतात. त्याला कसलंच औषध नको. कोमट पाण्याने दोनदा विसळलं की काम झालं.

ओल्या बोटाने काही फरक पडला नाही तर त्या जागेवर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका आणि कान जवळ न्या. बारीक फसफस ऐकू आली, बुडबुडे दिसले, की तो चुना. जड पाण्यात विरघळलेला चुना पाणी तापलं की बाहेर पडतो आणि भांड्याला धरतो. खारपाणपट्ट्यात मीठ आणि चुना दोन्ही एकावर एक बसलेले असू शकतात, म्हणून आधी साधं विसळणं, मग लिंबाची परीक्षा, हाच क्रम ठेवा.

तपकिरी, गुळगुळीत, नखाने खरवडलं तर पापुद्र्यासारखा निघणारा डाग चहाचा. जर्मनच्या किटलीत पाण्याच्या पातळीपर्यंत दिसणारा एकसारखा करडा-काळा रंग हा डाग नसून धातूवर बसलेली पुटी आहे. तिचा विचार पुढे वेगळा केला आहे. स्टीलच्या बुडावर निळसर-सोनेरी झाक दिसते, ती जास्त तापल्याने आलेली असते. ती लिंबाच्या फोडीने पुसली तरी जाते आणि राहिली तरी काही बिघडत नाही.

३. लागणारं सामान

- लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड: १०० ग्रॅम. किराणा दुकानात मिळतं.
- धुण्याचा सोडा: पाव किलो. फक्त स्टीलसाठी.
- खाण्याचा सोडा: एक लहान पुडी.
- चिंच: मूठभर. जुनी, काळी पडलेली चिंच या कामाला उत्तम.
- चुलीची राख, पिठाच्या चाळणीने चाळलेली.
- नारळाची शेंडी किंवा काथ्या, आणि जाड सुती फडकं.
- बाटली घासायचा लांब ब्रश. नसेल तर तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी.
- बांबूची कामटी, टोकाला चपटी तासलेली.
- सांडशी आणि एक जुना गंज (पातेलं), पाणी गरम करायला.

लिंबूफूल दिसायला साखरेसारखं असतं. डब्यावर नाव लिहा आणि टपरीवर साखरेच्या डब्याशेजारी ठेवू नका. दुकानात मागतानाही नीट सांगा. तुरटी आणि नवसागर ह्या वेगळ्या वस्तू आहेत, त्यांनी हे काम होत नाही. आणि कापसाच्या गावांत हे आवर्जून सांगावं लागतं: फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा, बाटली, मापाचं झाकण यातलं काहीही या कामाला घेऊ नका. तीनदा धुतलेलंही नाही. किटलीत उद्या चहा शिजणार आहे.

राख चुलीचीच हवी. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर या बाजूला औष्णिक वीज केंद्राची राखड सहज मिळते आणि ती मऊही दिसते. ती कोळशाची राख आहे. तिच्यात जड धातूंचे अंश असतात आणि काचेसारखे बारीक कणही. खाण्यापिण्याच्या भांड्यांना ती लावू नये.

४. बाहेरची काजळी

सुरुवात बाहेरून करा, म्हणजे आत घातलेलं स्वच्छ पाणी नंतर काळ्या हातांनी खराब होणार नाही. किटली कोमट असताना काजळी लवकर सुटते. गार झाल्यावर ती घट्ट होते, कडक गरम असताना हात भाजतो. आत कोमट पाणी भरा, झाकण लावा आणि बाहेरून कोरड्या कामटीने जाड थर खरवडून घ्या. या वेळी पाणी लावू नका. कोरडी काजळी पापुद्र्याने पडते, ओली झाली की तेलासारखी सगळीकडे पसरते.

जाड थर उतरला की स्टीलच्या किटलीला ओली राख आणि थोडी साबण पावडर लावून शेंडीने गोल गोल घासा. जर्मनला ओली राख फार वेळ ठेवू नका. राखेत खार असतो, तो अ‍ॅल्युमिनियम खातो, आणि म्हणूनच राखेने घासलेली जर्मनची भांडी काही दिवसांनी निस्तेज दिसू लागतात. जर्मनसाठी कोरडी राख, हलका हात आणि लगेच पाणी.

काजळी दोन प्रकारची असते हेही लक्षात घ्या. वाळलेल्या पऱ्हाटीची किंवा बाभळीची काजळी भुरभुरीत असते, फडक्यानेही निघते. ओल्या लाकडाची काजळी डांबरासारखी चिकटते. अशा चिकट जागी संत्र्याची ताजी साल उलट्या बाजूने, म्हणजे बाहेरची बाजू किटलीकडे करून, दाबून चोळा. सालीतलं तेल तो चिकटपणा सोडवतं. वरुड, मोर्शी, काटोल या भागात हंगामात सालीला तोटा नसतो. संत्र्याचा रस मात्र आतल्या चुन्यावर वाया घालवू नका. त्यात आंबटपणा लिंबापेक्षा फार कमी आणि साखर जास्त, चुना जागेवरच राहतो आणि वर चिकटपणा येतो.

पुढच्या वेळचं घासणं वाचवायचं असेल तर किटली चुलीवर चढवण्याआधी बुडाला आणि बाजूला चिकणमातीचा किंवा ओल्या राखेचा पातळ लेप द्या. स्टीलला दोन्ही चालतं, जर्मनला मातीच द्या. काजळी लेपावर बसते आणि धुताना लेपासकट उतरते. ज्यांच्या आज्या हे करत आल्या त्यांना वेगळं सांगायला नको. गॅसवर चहा करणाऱ्यांनी ही पायरी सोडावी.

५. आधी सोडा की आधी आंबट

स्टीलच्या किटलीत चुना आणि चहाचा डाग बहुधा एकत्रच असतात. चहातला तुरट अंश पाण्यातल्या चुन्याशी मिळून पातळ पापुद्रा करतो आणि चुन्याच्या थरावर बसतो. आंबट पाणी थेट ओतलं तर ते त्या पापुद्र्यावरून घसरतं, खालच्या चुन्यापर्यंत पोचत नाही. मग लोक म्हणतात, लिंबूफूल टाकून पाहिलं, काही झालं नाही.

म्हणून स्टीलला आधी सोडा, मग भरपूर पाणी, मग आंबट. जर्मनला फक्त आंबट, सोडा अजिबात नाही.

सोडा आणि व्हिनेगर, किंवा सोडा आणि लिंबू, एकत्र टाकून फेस काढायची पद्धत मोबाईलवर खूप फिरते. फेस दिसतो म्हणून काम होतंय असं वाटतं. प्रत्यक्षात आंबट आणि सोडा एकमेकांनाच मारून टाकतात आणि किटलीसाठी दोघांतलं काहीच उरत नाही. दोन्ही वापरा, पण एकामागून एक.

६. चहाचा तपकिरी डाग (स्टील)

१ लिटर कडकडीत पाण्याला २ सपाट चहाचे चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम, धुण्याचा सोडा. पाणी वेगळ्या गंजात तापवा, सोडा त्यात विरघळवा आणि मग किटलीत काठोकाठ ओता. डाग वरपर्यंत असेल तर पाणीही वरपर्यंत हवं. अर्धा तास ठेवा. जुना डाग असेल तर एक तास. नंतर लांब ब्रशने आतून फिरवलं की डाग तपकिरी पाण्यासारखा सुटतो. हात लागणार असेल तर हातमोजे घाला, सोड्याने कातडी कोरडी पडते आणि भेगा असतील तर चरचरतं.

झाकणाच्या आतली बाजू आणि काठाची खाच यात सोड्याचं पाणी थांबत नाही. तिथे खाण्याच्या सोड्यात थोडं पाणी घालून दाटसर लेप करा, ओल्या फडक्यावर घेऊन चोळा.

एक गोष्ट नवख्यांना घाबरवते. बोअरच्या पाण्यात सोडा टाकला की पाणी दुधाळ होतं आणि डाग निघाल्यावर किटलीवर पांढरी भुकटी राहते. काही बिघडलेलं नाही. सोड्याने पाण्यातलाच चुना खाली बसवला आहे. पुढच्या पायरीत आंबट पाण्याने तो आपोआप जातो. मध्ये किटली साध्या पाण्याने तीनदा विसळायला विसरू नका, नाहीतर उरलेला सोडा तुमचं लिंबूफूल खाऊन टाकेल.

धुण्याचा सोडा मागताना दुकानदाराने कॉस्टिक सोडा दिला तर परत करा. तो साबण करायला वापरतात, कातडी आणि डोळे जाळतो. आणि जर्मनच्या किटलीत पडला तर धातू खदखदायला लागतो, त्यातून पेट घेणारा वायू निघतो.

७. चुन्याचा पांढरा थर

सगळ्यात जास्त चुका या पायरीवर होतात, म्हणून सावकाश वाचा.

थर पातळ असेल, म्हणजे धातू खालून दिसत असेल, तर १ लिटर पाण्याला २ सपाट चहाचे चमचे लिंबूफूल पुरे, साधारण १० ग्रॅम. थर जाड, खडबडीत, नखाला लागणारा असेल तर ४ चमचे. किटलीत पाणी घेऊन ते हाताला सोसणार नाही इतकं तापवा, उकळी फुटायच्या आत खाली उतरवा आणि मग लिंबूफूल टाका. लगेच बुडबुडे येतील. झाकण उघडंच ठेवा.

उकळत का ठेवायचं नाही? आंबटाने चुना विरघळला की त्याचं दुसरं क्षार तयार होतं, आणि ते गरम पाण्यात थंड पाण्यापेक्षा कमी विरघळतं. खूप तापवलं, पाणी आटू दिलं, तर तेच पांढरं होऊन पुन्हा भांड्याला बसतं. मग थर गेला आणि लगेच दुसरा आला असं दिसतं. गरम करा, उतरवा, अर्धा तास ठेवा. बस.

बुडबुडे थांबले आणि थर अजून आहे, याचा अर्थ थर चिवट आहे असा नाही. आंबट संपलं आहे. १ ग्रॅम चुना विरघळायला साधारण सव्वा ग्रॅम लिंबूफूल खर्ची पडतं. म्हणजे ४ चमच्यांनी, २० ग्रॅममधून, फार तर १५ ग्रॅम चुना निघणार. वर्षभर न काढलेल्या पाच लिटरच्या किटलीत त्याहून कितीतरी जास्त चुना असतो. ते पाणी ओतून द्या, ताजं करा, पुन्हा भरा. तीन-चार फेऱ्या लागल्या तरी ते बरोबरच आहे. जुन्याच पाण्यात रात्रभर भिजवून उपयोग नाही.

फेऱ्यांच्या मधे थर मऊ पडतो. तेव्हा कामटीच्या चपट्या टोकाने खालून हलकं उचकटा. चकत्याच्या चकत्या सुटतात. चाकू, पेचकस, सळई हे लावू नका.

लिंबूफूल मिळालं नाही तर लिंबं चालतात, पण हिशोब कळू द्या. लिंबाच्या रसात आंबट साधारण ५ ते ६ टक्के. १०० मिलिलिटर रसाने जे होतं ते लिंबूफुलाच्या एका चमच्याने होतं. उन्हाळ्यात लिंबू महाग असताना लिंबं पिळत बसण्यात अर्थ नाही. पिळून उरलेल्या साली मात्र फेकू नका, झाकण आणि काठ चोळायला त्या कामी येतात. व्हिनेगर वापरायचं तर निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी, कोमट करून. त्याचा वास दोन उकळ्यांनंतरच जातो.

संडास साफ करायचं अ‍ॅसिड किटलीत कधीही नाही. चुना एका मिनिटात उडतो, आणि त्याच्यासोबत स्टीलला बारीक खड्डे पडतात, जर्मन तर उकळायलाच लागतं. असं अ‍ॅसिड आणि विहिरीत टाकायची टीसीएल पावडर एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो. बंद स्वयंपाकघरात तो जीवावर बेतू शकतो. लिंबूफुलाच्या पाण्यातही टीसीएल टाकू नका.

८. जर्मनच्या किटलीचा काळेपणा

जड पाणी जर्मनमध्ये पुन्हा पुन्हा उकळलं की धातूवर करडी-काळी पुटी चढते. ती विषारी नाही आणि खालच्या धातूला ती झाकूनही ठेवते. आत एकसारखा करडेपणा असेल, चहाला वास किंवा चव येत नसेल, तर तो काढायच्या मागे लागू नका. दर आठवड्याला चकचकीत केलेली जर्मनची किटली दर आठवड्याला थोडी थोडी झिजते, आणि झिजलेलं चहात जातं. अंबाडीची भाजी किंवा टमाट्याचं सार शिजवलेला जर्मनचा गंज आतून कसा उजळून निघतो ते पाहिलं असेल. तो उजळपणा म्हणजे पुटी आणि थोडा धातू भाजीत उतरल्याची खूण आहे. म्हणून आंबट पदार्थ जर्मनमध्ये शिजवू नयेत.

पुटीवर चुना चढला असेल, किंवा किटली विकत घेतलेली जुनी असेल आणि आत काय होतं ते माहीत नसेल, तर मात्र साफ करा. १ लिटर पाण्यात लिंबाएवढी चिंच किंवा २ चमचे लिंबूफूल टाका, मंद आचेवर १० मिनिटं तापवा. कडा उजळायला लागतात, पाणी गढूळ करडं होतं. ओतून द्या आणि लगेच विसळा.

जर्मनमध्ये आंबट पाणी रात्रभर ठेवायचं नाही. मीठ टाकायचं नाही. आंबट आणि मीठ मिळून अ‍ॅल्युमिनियमला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतात, आणि किटली गळू लागते ती अशाच खड्ड्यातून. साफ केल्यावर साधं पाणी दोनदा उकळून फेका. त्याने नवी पातळ पुटी धरते. मगच चहा.

९. तोटी

किटली लखलखीत आणि तोटीतून काळे कण कपात, हे अनेक टपऱ्यांवर दिसतं. तोटी जिथे पोटाला जोडलेली असते तिथे जाळी किंवा बारीक छिद्रं असतात, चहापत्ती आणि दुधाची साय तिथेच अडकून कुजते. आंबट पाणी भरताना तोटी भरेल इतकं भरा. किटली थोडी पुढे कलती ठेवून तोटीखाली विटेचा तुकडा नका देऊ, मागच्या बाजूला द्या, म्हणजे पाणी तोटीत चढून थांबेल.

आतून घासायला ब्रश जात नसेल तर तुराटीच्या टोकाला सुती चिंधी घट्ट गुंडाळा, दोऱ्याने बांधा आणि वरून आत फिरवत न्या. तुराटी हिरवी नको, वाकून मोडते. वाळलेलीही वळणावर अडेल, तिथे जोर करू नका. वळणासाठी दुसरा उपाय: मूठभर तांदळाची कणी आणि अर्धा पेला पाणी किटलीत टाका, झाकण आणि तोटी फडक्याने दाबून धरा, दोन-तीन मिनिटं जोरात हलवा. कणी वळणात घासत जाते. मग तोटीकडून ओता. नंतर तोटीच्या तोंडातून पाण्याची धार उलटी सोडा आणि आतून काय निघतं ते पांढऱ्या ताटात पाहा. कण येणं थांबेपर्यंत हे करायचं.

नळ लावलेली मोठी चहाची टाकी असेल तर नळ उघडून काढा आणि आतलं रबरी वायसर बघा. कडक झालं असेल, चिरलं असेल तर बदला. घासून ते साफ होत नाही.

१०. पितळ आणि तांबं

बाहेरून चिंच आणि मीठ, किंवा आंबट ताक. चोळा, पाच मिनिटांत धुवा, कोरडं पुसा. ओलं ठेवलं तर तासाभरात पुन्हा काळं पडतं. आतून, जिथे कल्हई आहे तिथे, फक्त मऊ फडकं आणि साबण. राख नाही, शेंडी नाही. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर, आणि कथिल २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. रिकामी किटली चुलीवर विसरली तर कल्हई गोळा होऊन पडते आणि जुन्या किटलीच्या तोटीचा डाख, म्हणजे वितळलेल्या धातूने केलेला सांधा, हाही सुटू शकतो.

११. विजेची किटली

हिची तापवायची जागा बुडात लपलेली असते. चुना तिच्यावर बसला की तळ जास्त तापतो आणि किटली पाणी उकळायच्या आधीच बंद होते. लोक ती दुरुस्तीला नेतात. आधी चुना काढून पाहा.

प्लग काढा. अर्ध्यापर्यंत पाणी भरा, प्लग लावून गरम करा, बंद करा, प्लग पुन्हा काढा आणि मग लिटरला ३ चमचे लिंबूफूल टाका. आधी टाकून उकळलं तर फेस वर येऊन वायरीच्या जागेत उतरतो. अर्ध्या तासाने ओता. किटली पाण्यात बुडवायची नाही, नळाखाली बाहेरून धरायची नाही. खालच्या खाचेत पाणी गेलंच तर पूर्ण एक दिवस उन्हात उलटी ठेवल्याशिवाय लावू नका. तोटीजवळची जाळी बहुतेक किटल्यांत निघते, ती वेगळी वाटीत भिजवा. आणि या किटलीत दूध किंवा तयार चहा तापवू नका. तळाला करपलेलं दूध काढायला घासावं लागतं, आणि तिथे घासणं परवडत नाही.

१२. शेवटचं विसळणं आणि गळतीची तपासणी

आंबट पाणी काढल्यावर साध्या पाण्याने तीनदा विसळा आणि एकदा भरून उकळून फेका. शेवटच्या विसळण्याला शक्य असेल तर पावसाचं किंवा आरओच्या जारमधलं पाणी घ्या. बोअरच्या पाण्याने विसळून वाळू दिलं तर थेंबांचे पांढरे ठिपके राहतात आणि काम अपुरं वाटतं.

मग किटली काठोकाठ भरून कोरड्या वर्तमानपत्रावर अर्धा तास ठेवा. कागद ओला झाला का ते तोटीच्या जोडाखाली आणि कड्याच्या रिबेटांखाली बघा. जुन्या किटल्यांत चुन्यानेच बारीक छिद्रं बुजलेली असतात. चुना गेला की ती उघडी पडतात, आणि दोष लिंबूफुलाला दिला जातो. रिबेट ढिला असेल तर भांडी दुरुस्त करणाऱ्याकडून ठोकून घ्या. चुलीवर चढवल्यावर गळती कळण्यापेक्षा अंगणात कळलेली बरी.

१३. किती दिवसांनी करायचं

टपरीवर रोज रात्री किटली रिकामी करून विसळणं आणि कोरडी पुसणं यानेच बराच चुना टळतो, कारण थर वाढतो तो रात्रभर ठेवलेल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवलेल्या पाण्याने. उरलेल्या पाण्यावर नवं पाणी घालत राहिलात तर चुना साठत जातो. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या स्टीलच्या किटलीला १५ दिवसांनी लिंबूफुलाची एक हलकी फेरी द्या, लिटरला १ चमचा पुरतो. आरओच्या पाण्यावर चहा करणाऱ्यांना दोन-अडीच महिन्यांनी दिली तरी चालते.

तारेची घासणी वापरलीच असेल तर किटली ओली ठेवू नका. तिचे बारीक तुकडे स्टीलमध्ये अडकतात, ते गंजतात, आणि सकाळी किटलीला तांबडे ठिपके दिसतात. स्टील गंजलेलं नसतं, तुकडा गंजलेला असतो. लिंबाची फोड दहा मिनिटं ठिपक्यावर दाबून ठेवली की निघतो.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. किटली पांढरी शुभ्र झाली किंवा पाणी उकळलं म्हणून ते कमी होत नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. अशा गावात चहालाही तपासलेल्या स्रोताचंच पाणी घ्या.

रात्री किटली पुसून झाल्यावर झाकण वेगळं काढून ठेवा आणि तोटी खाली येईल अशी तिरकी टेकवा. झाकण लावून ठेवलेल्या किटलीत सकाळपर्यंत कुबट वास धरतो, आणि पहिल्या कपाला तो लागतो.